न झालेली शस्त्रक्रिया झालेली नाही, असे लिहून मिळणेबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
सेवा समिती, ब्रॉडमेडो मराठी स्नेहमंडळ,
स्वोर्ड्स, काउंटी डब्लिन.

अर्जदार: सौ. अलकनंदा रविकांत मुळावकर, स्वोर्ड्स.
दिनांक: १३ ऑक्टोबर २०२५

विषय: पुलगाव, जि. वर्धा येथील कु. स्वराली बाळू ठवरे हिच्या दुभंगलेल्या ओठाची व टाळूची शस्त्रक्रिया झालेली नाही, असे मंडळाच्या लेटरहेडवर सहीनिशी मिळणेबाबत.

संदर्भ: १) भाऊबीज, सन २०२३. २) आपले फोनवरील बोलणे, रविवार दि. ५ ऑक्टोबर: "ताई, लेखी द्या, कमिटीपुढे ठेवतो."

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार नम्रपणे लिहिते की, 'महोदय' हा शब्द लिहिताना तिचा हात जरा अडला. इतकी वर्षे ती आपल्याला मोरेश्वरभाऊ म्हणत आली. परंतु आपण लेखी मागितलेत, आणि लेखी अर्जात भावाला कसे लिहावे हे तिला ठाऊक नाही. अर्जदाराचे यजमान म्हणाले, "अगं, पलीकडच्या दारात तर राहतो, जाऊन बोल ना." अर्जदार जाऊन बोलली असती. पण तिचा आवाज मुळात लहान, आणि आपल्यापुढे तो अलीकडे आणखी लहान होतो. कागदावर तसे होत नाही.

१. अर्जदाराला सख्खा भाऊ नाही. माहेरी असताना ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळीत असे, सासरीही तसेच चालले. आयर्लंडला आली त्या वर्षी ती तबक घेऊन मागच्या बागेत उभी होती. आभाळ भरलेले होते, निरांजन वाऱ्याने दोनदा विझले. आपण कुंपणापलीकडून विचारलेत, "ताई, काय शोधताय?" तिने सांगितले. त्यावर आपण म्हणालात, "इथे चंद्र दिसतो तरी कुठे? मी आहे ना." आणि तसेच, पायातले गार्डनचे बूट दारात काढून, आत येऊन पाटावर बसलात. तेव्हापासून दर वर्षी अर्जदाराच्या घरी आपल्यासाठी पाट मांडला गेला. अर्जदाराने चंद्राचे नाव काढले नाही.

२. स्वराली ही उल्काची मुलगी. उल्का अर्जदाराच्या माहेरी भिंतीला भिंत लागून राहते, ब्लाउज शिवते. तिचा नवरा बाळू मोटारी दुरुस्त करतो. मुलगी जन्मली ती वरचा ओठ डावीकडे नाकापर्यंत उघडा आणि आत टाळूही उघडी अशी. दूध पाजले की नाकातून येते. आता ती पावणेतीन वर्षांची आहे आणि बोलू पाहते, पण तोंडातला वारा नाकावाटे जातो. 'बाबा' म्हणायला जाते ते 'मामा' होते. गल्लीतली मंडळी बाळूला हसतात, "काय रे, घरात मामा झाला का तू?" बाळूही हसतो, पण मग गॅरेजातून उशिरा घरी येतो, असे उल्का सांगते.

३. ही मुलगी दहा महिन्यांची असताना तिला नागपूरच्या एका मोफत शस्त्रक्रिया शिबिरात संक्रांतीनंतरची तारीख मिळाली होती. आधी ओठ, मग काही महिन्यांनी टाळू, असे ठरले होते. त्या वर्षीच्या भाऊबीजेला अर्जदाराने ही गोष्ट आपल्याला आनंदाने सांगितली. ओवाळून झाले होते, सुपारी फिरवून झाली होती. आपण खिशात हात घातलात आणि तसाच बाहेर काढून म्हणालात, "ताई, यंदा पाकीट नाही. त्या पोरीचं ऑपरेशन, हीच माझी ओवाळणी. मंडळाची पहिली केस." शिबिराबद्दल म्हणालात, "तिथे घाऊक काम चालतं, लाइनीत शिवतात. इथले सर्जन माझ्या ओळखीतले आहेत, मार्चमध्ये टीम घेऊन नागपूरला जाणार आहेत. ती तारीख सोडून द्या. ग्रँड होईल सगळं."

अर्जदाराने त्याच संध्याकाळी उल्काला फोन करून तारीख सोडायला सांगितले. उल्काने फक्त विचारले, "ताई, नक्की ना?" अर्जदार म्हणाली, "माझ्या भावाने तबकात घातलंय." तबकात घातलेले परत उचलत नाहीत, हे उल्कालाही ठाऊक आहे. तिने तारीख सोडली.

४. त्याच दिवशी अर्जदाराने देवापुढे व्रत धरले की, स्वराली नाकातून न येता दूध पिईल, तोपर्यंत स्वतः दुधाला शिवायचे नाही. चहा कोरा. नैवेद्याची खीर देवाला दाखवायची आणि यजमानांना द्यायची. आयर्लंडात राहून दूध सोडणे हा समितीत पुष्कळ दिवस थट्टेचा विषय होता. सचिव सानिका म्हणाली होती, "काकू, इथल्या गाई रागावतील हं तुमच्यावर." अर्जदाराला त्याचे वाईट वाटले नाही. हसण्याजोगे होतेच.

५. तो मार्च गेला. डॉक्टरांच्या टीमचे जाणे पुढे ढकलले असे आपण सांगितलेत. मग पावसाळा नको म्हणालात. मग टीममधल्या बाईंना बाळ झाले. अर्जदाराने दर वेळी "बरं" म्हटले आणि दर वेळी उल्काला तसेच कळवले. भावाला पुन्हा पुन्हा विचारणे तिला ओवाळणी मोजून घेण्यासारखे वाटे. मुलीचा फोटो मात्र मंडळाच्या गणपतीत दोन्ही वर्षे दारातच लावलेला होता. लोक चपला काढताना तो पाहत, हळहळत आणि आत जात.

६. यंदा नवरात्रात आपला निरोप आला की उल्काने मुलीला घेऊन नागपूरला जावे. उल्का गेली, हे अर्जदाराला तिच्या आईकडून कळले. नंतर उल्काचा फोन लागेना. मुलगी दवाखान्यात असेल, आईला कुठला फोन घ्यायला वेळ, असे समजून अर्जदाराने देवापुढे अखंड दिवा ठेवला.

कोजागिरी सोमवारी होती, ती आपण सर्वांच्या सोयीने शनिवारी केली, आणि हॉलची चावी वेळेत परत द्यायची म्हणून दिवेलागणीलाच. पडद्यावर आपण दोन फोटो दाखवलेत. डावीकडे स्वराली, उघड्या ओठाची. उजवीकडे एक मुलगी, ओठ जुळलेला, बारीकशी रेघ, हसणारी. खाली लिहिले होते: स्वराली, आधी आणि नंतर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग आपण मसाला दुधाचा पेला हातात घेऊन थेट अर्जदारापाशी आलात आणि सर्वांसमक्ष म्हणालात, "ताईंचं व्रत आज सुटलं. घ्या ताई, भावाच्या हातचं."

अर्जदाराने ते दूध घेतले. डोळ्यांत पाणी असल्याने तिला फोटो नीट दिसला नव्हता. दूध गोड लागले, हेही ती येथे नमूद करते, कारण जे झाले ते सगळे लिहावे असे तिला वाटते.

७. रविवारी सकाळी स्नान, पूजा आटोपून अर्जदाराने अभिनंदन करायला उल्काला फोन लावला. या वेळी तिने घेतला. उल्का म्हणाली, "कायचं ऑपरेशन, ताई? फोटू काढले न् वापस पाठवलं आमाले. डॉक्टर आलेच नाही म्हने." तिने फोन मुलीकडे वळवला. स्वराली वाटीतून दूध पीत होती. उल्का नेहमीसारखी पदराने तिचे नाक पुसत होती. अर्जदाराने विचारले, "मला फोन का नाही केलास गं?" त्यावर उल्का म्हणाली, "तुमाले माहीतच असन, असं वाटलं. अन् राग बी आला होता." तेवढ्यात मुलगी पडद्याजवळ येऊन अर्जदाराला वाटी दाखवत होती.

यानंतर अर्जदाराने मंडळाच्या ग्रुपवरचा फोटो चष्मा लावून पाहिला. स्वरालीचा ओठ डावीकडे उघडा आहे. हसणाऱ्या मुलीची रेघ उजवीकडे आहे. ती कुणाची तरी दुसरीच मुलगी आहे. ती बरी झाली याचा अर्जदाराला आनंद आहे, आणि तिच्या नावाने तिने त्या दिवशी देवाला फूलही वाहिले.

८. त्यानंतर आपल्याशी फोनवर बोलणे झाले. आपण म्हणालात, "ताई, ते रिप्रेझेंटेटिव्ह असतं. हॉल बुक होता, स्लाइड आधीच तयार होती. लोकांना आधी-नंतर असे दोन फोटो लागतात, नाहीतर पुढच्या मुलांसाठी कोणी पुढे येत नाही." अर्जदाराने विचारले, "भाऊ, आणि ते दूध?"

आपण विचारलेत, "कुठलं दूध?"

महोदय, या अर्जात एवढे एकच वाक्य लिहिले असते तरी अर्जदाराचे म्हणणे पुरे झाले असते. पण मुलीचे काम त्याने होत नाही, म्हणून पुढे लिहिते.

९. आपण पुढे असेही सांगितलेत की, ही केस आता पूर्ण झालेली दाखवली आहे आणि मंडळाच्या नियमाप्रमाणे एका मुलाला एकदाच मदत मिळते. पुन्हा घ्यायची तर नवा अर्ज लागेल. त्यास अनुसरून हा अर्ज आहे. मात्र यात मंडळाकडे शस्त्रक्रिया मागितलेली नाही. ती मंडळाने करू नये, अशी अर्जदाराची नम्र विनंती आहे.

अर्जदाराने नागपूरच्या त्याच शिबिराला, जिथली तारीख आपल्या शब्दाखातर सोडली होती, पुन्हा विचारले. तेथील बाई ओळखीने, चांगलेच बोलल्या. म्हणाल्या, मुलीला उशीर झाला आहे, आणखी थांबलात तर बोलणे असेच बसेल. मार्गशीर्षातल्या शिबिरात घेता येईल. पण त्यांच्याही पाहण्यात मंडळाचा कोजागिरीचा व्हिडिओ आला आहे. त्या म्हणाल्या, "ताई, आमचे डॉक्टर दुसऱ्यांनी हात घातलेली केस मध्येच घेत नाहीत. तुमच्या मंडळाने लिहून द्यावं की काही केलेलं नाही. आजच नाव लिहिते." अर्जदार म्हणाली, मुलीचं तोंडच बघा ना. त्या म्हणाल्या, "मी बघितलं हो. वरचे लोक कागद बघतात." शिबिराची यादी दिवाळी संपताच बंद होते.

तरी अर्जदाराची प्रार्थना येणेप्रमाणे:

मंडळाने आपल्या लेटरहेडवर एक ओळ लिहावी: स्वराली बाळू ठवरे हिच्यावर आमच्यामार्फत कोणतीही शस्त्रक्रिया झालेली नाही. खाली आपली सही. फोटोंबद्दल काही लिहू नये, कारण द्यायचे नसेल तर देऊ नये, कुणाची माफी मागू नये. अर्जदार हा कागद मंडळात कुणाला दाखवणार नाही. तो सरळ नागपूरला जाईल.

असे लिहिल्याने मंडळाचे नाव खराब होते असे समितीला वाटत असेल, तर निदान एवढे लिहावे की उजवीकडच्या फोटोतील मुलगी स्वराली नव्हे.

तेही जमत नसेल, तर शनिवारी अर्जदाराला पाजलेले दूध मंडळाने परत घ्यावे. ते कसे घ्यायचे हे समितीने ठरवावे. अर्जदाराने गुरुजींना फोनवर विचारले. त्यांनी सांगितले की, फसवून मोडलेल्या व्रताचा दोष ज्याने पेला पुढे केला त्याला लागतो. अर्जदाराने तो दोष आपल्याला लागू नये म्हणून रविवारीच व्रत पुन्हा पहिल्यापासून धरले आहे. आपण ओवाळून घेतले त्या पाटाला ती अजून मानते.

१०. येत्या २३ तारखेस भाऊबीज आहे. वरील कागद घेऊन आपण त्या दिवशी सायंकाळपर्यंत आलात, तर पाट मांडलेला असेल, करंज्या केलेल्या असतील, आणि झाले त्याबद्दल अर्जदार एक शब्द काढणार नाही. ओवाळणी म्हणून दुसरे काही आणू नये.

न आल्यास अर्जदार तबक घेऊन मागच्या बागेत उभी राहील. बीजेची कोर बारीक असते, लवकर मावळते, आणि स्वोर्ड्सला ढग असतात, हे आपण पूर्वी सांगितलेलेच आहे. कुंपण बुटके आहे, आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून अर्जदार दिसेल. त्या वेळी कृपया बाहेर येऊ नये आणि काय शोधताय, असे विचारू नये. चंद्र दिसला नाही तरी अर्जदार त्या दिशेला ओवाळील. त्याने कधी येतो म्हणून सांगितले नव्हते.

आजवर आपली बहीण म्हणवून घेतलेली,
(सही)
सौ. अलकनंदा रविकांत मुळावकर

सोबत:
१) स्वरालीचा काल काढलेला फोटो. ओठ डावीकडे.
२) मंडळाच्या आधी-नंतर फोटोंची प्रत. दोन्ही ओठांवर कुंकवाने खूण केली आहे, म्हणजे पाहणाऱ्यास सोपे जाईल.
३) कोजागिरीचा पेला, एक. मंडळाचा आहे, चुकून घरी आला होता. घासून पाठवीत आहे.