या गाडीत अवजारे नाहीत

८ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ७.
आजपासून रोजनिशी. कारण गंभीर आहे. बोरगावला एका बागवाल्याच्या व्हॅनमधून फवारणीचा पंप आणि छाटणीच्या दोन कैच्या गेल्या. भरदिवसा. मालक समोर पान खात उभा होता.

माझ्या बाबतीत हे होणार नाही. सरकारी स्टोअरमध्ये एकतीस वर्षं स्टोअरकीपर होतो. एक खिळा हरवला नाही. एक खिळा कुणाला वापरायलाही मिळाला नाही, असं जयश्री म्हणते. बायकोला स्टोअरचं काम काय कळणार.

रिटायर झाल्यावर 'प्रभाकर बाग सेवा' काढली, तिला आता दोन वर्षं. व्हॅन जुनी, अवजारं नवी, माणसं दोन: गजेंद्र आणि जयवंता. संत्र्याच्या झाडाची सल, म्हणजे वाळलेल्या फांद्या काढण्यात गजेंद्रचा हात धरणारा सौंसर तालुक्यात कुणी नाही. वाळली कुठली आणि जिवंत कुठली, हे मलाही कळतं, पण कापल्यावर. दसऱ्यानंतर रामाकोन्याला पुंडलिकरावांची चारशे झाडं घेतली आहेत. ते काम नीट झालं तर सेवा चालली. नाही तर मी पुन्हा घरी पेपर वाचत बसणार आणि जयश्री मला भाजी निवडायला देणार.

संकल्प: एकही अवजार जाऊ द्यायचं नाही.

११ सप्टेंबर
सगळ्या दांड्यांना गुलाबी रंग दिला. बाथरूमचा उरला होता. गुलाबी फावडं कोण चोरणार, आणि चोरलं तरी विकणार कुणाला? शिवाय प्रत्येकावर माझा मोबाईल नंबर. संध्याकाळी जयवंता आली आणि विळा हातात घेऊन म्हणाली, "भाऊ, हा त माह्या घरचा होय. माह्या सासूचा." रंग तोवर वाळला होता. मी म्हणालो, आता हाही सुरक्षित झाला. तिनं विळा खाली ठेवला आणि वळून चालू लागली. भरून आलं असावं.

१४ सप्टेंबर, रविवार
चोराच्या मनाचा अभ्यास केला. व्हॅनच्या मागच्या दारावर पेंटरकडून लिहून घेतलं: 'या गाडीत कोणतीही अवजारे नाहीत.' जागा कमी असल्यामुळे ते 'प्रभाकर बाग सेवा, सर्व अवजारांसह' याच्या बरोबर खाली आलं. जयश्री पाच मिनिटं दारासमोर उभी होती. मग आत जाऊन बहिणीला फोन लावला. बराच वेळ हसण्याचा आवाज येत होता. बहिणीबहिणींचं काही असेल.

१७ सप्टेंबर
बाजारात एका शेतकऱ्यानं व्हॅन थांबवली. दोनशे झाडांचं काम होतं त्याच्याकडे. मागे जाऊन वाचलं आणि म्हणाला, "अवजारं नाई तं गाडी घेऊन काऊन फिरून राहिले जी?" आणि गेला. निष्कर्ष: लोक दारावरचं वाचतात. म्हणजे चोरही वाचणार. प्लॅन योग्य दिशेनं चालला आहे.

१९ सप्टेंबर
नागपूरहून अलार्म मागवून बसवला. फारच संवेदनशील निघाला. बकरी टेकली की वाजतो. ट्रॅक्टर गेला की वाजतो. शेजारचे बापूजी शिंकले तेव्हाही वाजला. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर, दुपारची झोप पक्की. आजच काठी घेऊन आले आणि म्हणाले, "प्रभाकर, चोरानं नेली तं नेऊ दे बापा, पण मले झोपू दे." सुरक्षेला जनतेचं सहकार्य लागतं. ते इथे नाही. वायर काढून टाकली. लाल दिवा मात्र लुकलुकतो. चोराला काय माहीत.

२२ सप्टेंबर, घटस्थापना
शुभ दिवस पाहून रजिस्टर सुरू. सकाळी अवजार दिल्याची सही, संध्याकाळी परत केल्याची सही. जयवंताचा अंगठा. पहिल्या दिवशी चाळीस मिनिटं लागली. गजेंद्र म्हणाला, "भाऊ, सह्या करता करता ऊन डोक्यावर येऊन राहिलं." हे वाक्य शेरा या रकान्यात नोंदवलं.

२५ सप्टेंबर
चाकाला साखळी. स्टिअरिंगला कुलूप. मागच्या दाराला दोन कुलुपं. किल्ल्या रोज नव्या जागी लपवतो. जागा कुठेच लिहायची नाही, इथेसुद्धा नाही. रोजनिशी उद्या शत्रूच्या हाती पडली तर?

२७ सप्टेंबर, शनिवार
किल्ल्या सापडेनात. सहा ते नऊ शोधल्या. शेवटी गजेंद्रनं सायकलच्या चाकाची तार घेतली आणि मागची दोन्ही कुलुपं दोन मिनिटांत उघडली. जयश्री म्हणाली, बरं झालं बाई हा आहे. मी मात्र विचारात पडलो. दोन मिनिटांत. हे याला येतं कसं?

किल्ल्या दुपारी माझ्याच पायजम्याच्या खिशात मिळाल्या. जागा उत्तम होती.

२९ सप्टेंबर
गजेंद्रवर नजर ठेवून आहे. काम झाल्यावर कैची पुसतो, तेल देतो, धार बोटावर बघतो. करवत फडक्यात गुंडाळून ठेवतो. दुसऱ्याच्या वस्तूची इतकी काळजी सरळ माणूस घेत नाही. एकतीस वर्षांच्या नोकरीत मी एकदाही पाहिलेली नाही.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी. सकाळी ८.
व्हॅन रिकामी. कुलुपं जशीच्या तशी. कैच्या, करवती, फावडी, पंप, सगळं गेलं. गजेंद्र फोन उचलत नाही. जयश्री पहाटेच माहेरी पांढुर्ण्याला गेली. तिला विचारण्यात अर्थ नाही, तिला या सिस्टीममधलं काही सांगितलेलंच नाही.

८.२०.
'सौंसर बाग मित्र' या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं: 'सावधान. विश्वासू माणसाकडून अवजारांची चोरी.' नाव घेतलं नाही. मी त्या पातळीवर उतरत नाही. फक्त फोटो टाकला.

दुपारी १.
साक्षीदार म्हणून बापूजींना घेऊन रामाकोन्याला गजेंद्रच्या घरी गेलो. अंगण सारवलेलं, रांगोळी. पाटावर माझी सगळी अवजारं, धुतलेली, ओळीनं मांडलेली. प्रत्येकावर हळदकुंकू, प्रत्येक गुलाबी दांड्यावर झेंडूचं फूल. त्याची आई, जयवंता, दहाबारा शेजारी. सगळ्यांच्या हातात मोबाईल, त्यावर माझा मेसेज.

गजेंद्र ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला, "भाऊ, हत्यार ज्याच्या हातचं, नवमीची पूजा त्याच्या घरी. माह्या बापापासून चालून राहिलं हे. वहिनीले सांगून नेलं होतं कालच, चाबी बी त्याहीनंच देली." मग त्यानं मला प्रसाद दिला.

 परत फाटकाशी आल्यावर बापूजी म्हणाले, "तुझा थो अलार्म बरा होता."

जयश्रीला फोन केला. म्हणाली, "डाळीच्या डब्यात चाबी ठेवली तं मले दिसणार नाई का? मागच्या दसऱ्यालेबी नेले होते त्यानं. तुमी नागपूरले होते. अन् काल तुमी घोरत होते."

२ ऑक्टोबर, दसरा
उठलो तेव्हा अवजारं ओसरीवर होती. रजिस्टरच्या क्रमानं. परत केल्याच्या रकान्यात सगळीकडे सही. एका फावड्याचा दांडा तडकला होता, तो नवा बसवलेला.

ग्रुपवर टाकलं: 'गैरसमज दूर झाला आहे. सर्वांनी नोंद घ्यावी.' जयश्रीनं फोनवर विचारलं, यात माफी कुठे आहे? ती गृहीत धरायची असते.

रीत अशी की लहानानं मोठ्याला सोनं द्यायला यायचं. म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून दिवसभर ओसरीवर बसलो. बापूजींना सोनं द्यायला मी जायला हवं होतं. पण मी तिकडे आणि गजेंद्र इकडे आला तर? कुणी आलं नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार
गजेंद्र कामावर नाही. जयवंता आली, पण विळा न्यायला. न सांगता रजिस्टरमध्ये अंगठा उठवला आणि गेली. थोडे दिवस जाऊ दिले की राग निवतो. तोवर काम मी स्वतः करणार. त्यात काय आहे?

८ ऑक्टोबर
पुंडलिकरावांच्या बागेत स्वतः शिडीवर चढलो. तीन झाडं झाली. पुंडलिकराव खाली पडलेल्या फांद्या उलटसुलट करून बघत होते. त्या फांद्यांना हिरवी संत्री लागलेली होती. म्हणाले, "प्रभाकरराव, खाली या जी. सल काढाले बोलावलं होतं. गजेंद्रले पाठवा, नाई तं राहू द्या." मी सांगितलं, तो सुटीवर आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार
'चुकलं माझं, गजेंद्र' हे आरशासमोर अकरा वेळा म्हटलं. उत्तम जमलं. रामाकोन्याला गेलो. तो कुणाच्या तरी बागेत निघाला होता, हातात मागून आणलेली गंजकी कैची. मी म्हणालो, ऊन फार आहे. तो म्हणाला, "हो जी." आणि गेला. तयारी कमी पडली.

१६ ऑक्टोबर
नवी युक्ती. बोलायची गरजच नाही. व्हॅन रामाकोन्याच्या फाट्यावर उभी करायची, त्याच्या रोजच्या वाटेवर. दार उघडं, किल्ली लावलेली, अवजारं आत. त्याच्या हातची आहेत, घेऊन जाईल. मग मी म्हणेन, राहू दे, तुझीच आहेत. उद्या सकाळपासून ये.

१८ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी १०.
तिसरा दिवस. मी पंक्चरवाल्याच्या दुकानात टायरांच्या मागे बसलो होतो. गजेंद्र सायकलवरून आला. व्हॅनपाशी थांबला. आत वाकून पाहिलं. नव्या दांड्याचं फावडं उचललं, दांडा हलत नाही ना ते बघितलं. घे, घे, असं मी मनात म्हणत होतो.

त्यानं फावडं होतं तिथे ठेवलं. दार लावलं, ओढून बघितलं. किल्ली काढून पंक्चरवाल्याला दिली आणि म्हणाला, "भाऊ इसरले वाटते. आले तं देजा." मग सायकलवर टांग टाकून निघून गेला.

गजेंद्र चोर असता तर किती बरं झालं असतं.