अठरा, पंचवीस, चाळीस

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्याबद्दल कुणी वाईट बोलत नाही. भला माणूस, कापसातला जाणकार, असंच म्हणतात आणि मीही मान हलवते. आज मात्र मला तुमच्याशी भांडायचं आहे.

तुम्ही अकोल्याच्या जिनिंग कारखान्यासाठी कापूस खरेदी करायचात. गाडी आली की वरून, मधून आणि तळातून एकेक मूठ काढायची, बोटांनी धागा ओढून बघायचा आणि तिन्हींतली सगळ्यात वाईट मूठ गाडीवाल्यासमोर धरून भाव सांगायचा. बाकीच्या दोन गुपचूप परत गाडीत. मालक त्यावर खूश होता. ते तुमचं पोट होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तीच रीत तुम्ही सख्ख्या बहिणीला लावलीत.

आत्याचे यजमान धामणगावला रेडिओ दुरुस्त करायचे. मुंबईच्या एका मोठ्या रेडिओ कंपनीवर त्यांचा इतका विश्वास, की पोटाला चिमटा घेऊन तिचे दोनशे शेअर घेतले. ते अचानक गेले आणि आत्या ते कागद पिशवीत घालून आपल्याकडे आली. स्टेशनाजवळची एक खोली आणि दोन शिलाई मशिनी तिला पाच हजारांत मिळत होत्या. "दादा, मले कोनाच्या दारात राहाचं नायी. याचे किती येतीन तेवढं सांगा," म्हणाली. हे शेअर क्वचितच विकले जात, पेपरात भाव सापडेना.

मग तुम्ही ओळखीच्या वकिलांकडून किंमत काढायच्या तीन रीती विचारून आलात. मी मॅट्रिकला, गणितात वर्गात पहिली. नवे पैसे नुकतेच आलेले आणि तुम्हाला अजून आण्यांतच सुचायचं, म्हणून पाटी माझ्याकडे. तुम्ही बाजेवर बसून सांगताय, मी मांडतेय. कंपनीचं सगळं विकून कर्ज फेडलं तर एका शेअरला उरतात अठरा रुपये. वर्षाचा लाभांश दीड रुपया, तो शेकडा सहाचं व्याज धरला तर मुद्दल पंचवीस. वर्षाचा नफा शेअरमागे चार रुपये, त्याच्या दहापट चाळीस. एकाच कागदाच्या तीन किमती बघून मला गंमत वाटते. "बाबा, याच्यातला खरा कोनता?"

"खरा कोनताच नसते. घेनाऱ्यानं खालचा धराचा," तुम्ही म्हणालात. मग माझ्याकडे बघून, "हे जमलं तं तुले अमरावतीच्या कॉलेजात टाकतो."

आणि उठून आत्याला सांगितलंत, "अठरा. याच्यावर कोनी देत नायी. घरातलंच हाय म्हून मीच ठेवून घेतो." छत्तीसशे रुपये तिच्या हातावर ठेवलेत. खोली दुसऱ्यानं घेतली. पंचवीस म्हटलं असतंत तरी तिचे बरोबर पाच हजार होत होते हो! तुम्हाला तोटा नव्हताच, कारण पुढे तेच शेअर तुम्ही चाळिसाच्या वर विकलेत. आत्या मरेपर्यंत आपल्या चुलीपुढे भाकरी थापत राहिली, आपल्याच फाटक्या कपड्यांना टाके घालत राहिली. पाहुण्यांसमोर तुम्ही म्हणायचात, "बहीन हाय, आमीच पोसतो." तेव्हा मला तुमची शिसारी यायची. अजून येते.

पुढे विम्याच्या ऑफिसात मी हेच काम केलं. जेवढ्या रीती, तेवढे सगळे आकडे समोरच्याला दाखवायचे, असा माझा हट्ट असायचा. साहेब लोक वैतागायचे. मला त्याचा फार अभिमान होता.

हे पत्र धाडायला पत्ता नाही आणि असता तरी धाडलं नसतं. तुम्ही ते शांतपणे वाचलं असतंत आणि त्या दिवशीचं एकच विचारलं असतंत. तुम्ही पैसे आणायला बाहेर गेला होतात. आत्या पिठाच्या हातानंच माझ्याजवळ येऊन बसली, हळूच म्हणाली, "पोरी, हिसोब तूच केला ना? अठराच येते ना वो?" पाटी माझ्या मांडीवर पालथी होती. मी म्हटलं, "हो आत्या, अठराच."

तसं बोलायला तुम्ही मला सांगितलं नव्हतं. मला अमरावतीला जायचं होतं.