गावाला वळसा घालणारी वाट

बाबा, परवा तुम्हाला न विचारता एक काम करून आले. विचारणार तरी कुठं? तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला आता डोळे मिटून बसावं लागतं. राग येणार हे मला पक्कं ठाऊक आहे, म्हणून आधीच सांगून टाकते, मग खुशाल रागवा. माझ्यासाठी तुम्ही पारावर जाऊन जी माफी मागितली होती, ती मी परत घेतली.

पण असं एकदम नको. नदीपासून सांगते. तुमची ती नदीकाठची वाट आपल्या वस्तीमागून खाली उतरायची, करंजाच्या सावलीतून शिंदीच्या बनात शिरायची, आणि गावाला पाठीमागून भला मोठा वळसा घालून तुम्ही शिकवायचात त्या शाळेपाशी थेट वर निघायची. मी पुढं दांडीवर बसलेली, खाली टॉवेलची घडी, आणि मागून तुम्ही पाढे म्हणून घेताय. माणूस म्हणून कुणी भेटत नाही, भेटलाच तर एखादा शेळ्यावाला. जांभळं पिकली की तुम्ही एक पाय टेकता, फांदी ओढता आणि म्हणता, "घे, पर फ्रॉकला पुसू नको, तुझी माय मला सोडायची न्हाई." मला वाटायचं, माझ्या बाबांना झाडांचं वेड आहे. माय मात्र म्हणायची, "तुझ्या बाबाला सरळ रस्त्याचं वावडं हाय," आणि हे म्हणताना ती हसायची नाही.

पावसाळ्यात नदी भरली की ती वाट बंद. मग गावातून जाणं आलं. वेशीतून आत शिरलो की तुम्ही ब्रेक दाबायचात, खाली उतरायचात, मलाही उतरवायचात. पिंपळाच्या पारावर मंडळी बसलेली असायची. त्यांच्यासमोरून आपण सायकल ढकलत न्यायची आणि पार मागं पडला की पुन्हा बसायचं. मी एकदा विचारलं तर म्हणालात, "इथं ब्रेक नीट लागत न्हाई पोरी, उतार हाय." कसला उतार न् कसलं काय! रस्ता तळहातासारखा सपाट. पण बाप सांगतोय म्हटल्यावर लेकरू दुसरं काय करणार? इतका विश्वास ठेवला की उदगीरला तुम्ही पंक्चर काढायला थांबलात तेव्हा मी दुकानातल्या चाचांना सांगून टाकलं, "चाचा, आमचा ब्रेक पारापाशी आला की बिघडतो. तेवढा नीट करून द्या." चाचांनी एकदा तुमच्याकडं बघितलं. ब्रेकला हातसुद्धा लावला नाही. म्हणाले, "बेटी, इसका पुर्जा अपने पास नै आता." तुम्ही दुसरीकडं तोंड फिरवून उभे होतात. आपल्या लोकांनी पारासमोरून सायकलवर बसून जायचं नाही, असा गावचा रिवाज होता, हे मला त्यानंतर बऱ्याच दिवसांनी शाळेतल्या एका पोरीनं तोंडावर सांगितलं.

मग दुष्काळ पडला. वस्तीतले सगळे खडी फोडायला गेले, घराघरात सरकारनं वाटलेली सुकडी शिजायला लागली, जनावरं डोळ्यांदेखत बसली ती उठली नाहीत. सगळ्यांचे हाल कुत्रा खात नव्हता. पण बाबा, माणसांत बोलता येत नाही असं एक बोलते: मला ते वर्ष आवडलं होतं. पाऊसच नाही तर नदीला पूर कुठला? तुमची वाट बारा महिने उघडी राहिली. डोहाच्या कडेला करंज तेवढे हिरवे होते, आणि अख्ख्या वर्षात आपल्याला एकदाही खाली उतरावं लागलं नाही. तुम्हीही त्या वर्षी सायकलवर शीळ घालायचात. दुष्काळात शीळ घालणारा माणूस मी दुसरा बघितला नाही.

पुढं लातूर जिल्हा झाला. नव्या कचेऱ्या, नव्या जागा, आणि मला मुलाखतीचं बोलावणं आलं. नेमकी नदी दुथडी भरलेली. तुम्ही पहाटे सायकल पुसून दिलीत, फाट्यावरच्या हॉटेलात लावून बस पकड म्हणालात, आणि हळूच म्हणालात, "पारापाशी उतर बरं का." मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. लोकांना नंतर वाटलं की पोरीला घाई होती. अजिबात नव्हती. वेळ भरपूर होता, उतरले असते तरी बस मिळाली असती. मला उतरायचंच नव्हतं. पार आला. एकजण ओरडला, "ए मास्तरची, उतर की खाली!" आणि माझ्या तोंडून काय निघावं? "ब्रेक लागत न्हाई!" असं ओरडून मी तशीच पुढं गेले. फाटा येईपर्यंत मागं वळून बघितलं नाही. पण हसू येत होतं बाबा, फार हसू येत होतं.

संध्याकाळी परत आले तर माय चुलीपुढं बसलेली. भाकरी थापता थापता, वर न बघता म्हणाली, "तुझे बाबा पारावर जाऊन आले. हात जोडून आले." मी चप्पल न काढता तशीच तुमच्यापुढं येऊन उभी राहिले. धम्म घेतला तेव्हा घरातले देव तुम्ही स्वतः उचलून नदीत सोडले होते ना? तेव्हा देवाला भ्याला नाहीत, मग पारावरच्या चार माणसांना कसे भ्यालात? मी काय चोरी केली होती? तुम्ही शांतपणे म्हणालात, "पोर हाय, चुकली, एवढंच बोललो." मी म्हटलं, मी चुकले नाही. तर तुमचा आवाज चढला, "तू लातूरला जाशील. आम्हाला हितंच ऱ्हायचंय. तुझ्या चुलत्याला उद्या कुणाच्या रानात काम मिळणार हाय, सांग!" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही. पण उत्तर नाही म्हणून ते बरोबर होतं असं मी मान्य करणार नाही, तेव्हाही केलं नाही. नोकरी लागली, मी गेले, आणि आपण दोघं पुन्हा त्यावर कधी बोललो नाही.

आता मी निवृत्त झालेय. लातुरात डॉक्टर, प्राध्यापक, बँकेतली पोरं असा आमचा सायकलवाल्यांचा घोळका आहे. डोक्यावर हेल्मेटची टोपडी घालून आम्ही रविवारी हिंडतो. त्यांना हवे असतात शांत रस्ते, झाडी असलेले, ट्रक नसलेले. म्हटलं चला, माझ्याकडं एक आहे. शिंदी विरळ झालीय, करंज तसेच आहेत. एक तरुण डॉक्टरीण म्हणाली, "म्याडम, इतकी सुंदर वाट कुणी शोधून काढली? पण ही गावाला टाळून का जाते?" मी सांगितलं, जसं होतं तसं. मग एकजण म्हणाला, "जाऊ द्या म्याडम, जुनं झालं ते." मी म्हटलं, "तुमचं झालं असेल. चला, परत जाताना गावातून जाऊ."

पारावर एक म्हातारे बसले होते. मी समोर सायकल थांबवली, पाय टेकला, सीटवरून उतरले नाही. "कुणाची गं तू?" मी मास्तरची म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "लई गुणाचा माणूस तुझा बाप! तुझ्यापायी हितं यून हात जोडले हुते. असा नम्र माणूस आता न्हाई." म्हणजे तुमचं सगळं आयुष्य, शाळेतली हजार पोरं, काही नाही; त्या गावाच्या लक्षात तुमचे जोडलेले हात राहिले. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "आबा, ते हात माझ्यासाठी जोडले होते ना? मग ती माफी मी परत घेते. मी चुकले नव्हते, आणि माझे बाबा तर त्याहून नाही." म्हाताऱ्यांनी काठी जवळ ओढली. मग "बरं बाई" म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. मागं आमची मंडळी उभी होती, तीही सगळी सायकलवरच.

तर बाबा, असं झालं. हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि असती तरी मी टाकलं नसतं, कारण तुम्ही वाचून एवढंच म्हणाला असतात, "म्हाताऱ्या माणसाला असं बोलत्यात का?" बोलतात. मी बोलले. पण एक गोष्ट राहिली. गावातला रस्ता मी भांडून घेतला, तरी सायकल काढली की मला जावंसं वाटतं ते खाली नदीकडंच. तुम्ही भीतीपोटी शोधलेली ती वाट मला माझ्या रस्त्यापेक्षा जास्त आवडते. हे मात्र मी पारावर सांगितलं नाही.