मटारच्या करंज्या आणि प्रेस शॉप

चिखली, शनिवार दुपार

तीर्थस्वरूप आक्कास, मारुतीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (गुडघे धरलेत, तेव्हा कागदावरच मानून घे.) तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा खोकला थांबला का? आमच्याकडे सगळं क्षेम आहे, स्वयंपाकघर सोडून.

जयमाला जिन्यात घसरली आणि तिचा उजवा हात प्लास्टरात गेला, हे तुला ठाऊकच आहे. उद्या सोसायटीचं हळदीकुंकू. मंडईत मटार स्वस्त झाला की सगळ्या बायका हिच्या करंज्यांची वाट बघतात. यंदा त्यांनीच सुचवलं, ताई, राहू द्या, बाहेरून समोसे आणू. ही "बरं" म्हणाली आणि खिडकीशी जाऊन बसली. तिचं ते गप्प बसणं मला बघवेना. म्हणून मी परस्पर सांगून टाकलं, करंज्या आमच्याच घरच्या होणार. (रिटायर झालो तरी जीभ अजून ओव्हरटाइम करते.)

सारण झकास झालं. घात केला पाऱ्यांनी. माझा जन्म कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये पत्रे दाबण्यात गेला. तिथे एक काम पुरतं उरकल्याशिवाय दुसऱ्याला हात लावत नाहीत. मी आधी सगळ्या पाऱ्या लाटल्या, एकीवर एक रचल्या, सुपरवायझरसारखा ऐटीत चहा प्यायलो आणि वरची उचलली, तर अख्खी थप्पी हातात आली. चाकू घातला, उलथनं घातलं, शेवटी पुन्हा मळलं, तर करंज्या पत्र्यासारख्या कडक झाल्या. कंपनीत जाता जाता डोकावलेल्या तुझ्या रणजीतने तळलेली एक चावून पाहिली आणि म्हणाला, "मामा, हिला गंज चढायचा न्हाई." तेव्हा खिडकीशी बसल्या बसल्या ही कडाडली, "अवो, ही काय कंपनी हाय व्हय? लाटली की भरायची, भरली की मिटायची!" हात मोडल्यापासून ती एवढं पहिल्यांदाच बोलली. बोलणी खाऊनही मला फार बरं वाटलं.

तुझा भाऊ,
मारुती

ता. क. फोनवर बोललो तर ही ऐकेल, म्हणून रणजीत पाळी सुटून परत जाताना पत्र त्याच्या हाती धाडतो. नवं पीठ मळलंय, पण करंजीच्या कडेला मुरड घालणं मला जमत नाही. उद्या पहाटेच ये. सहज आले म्हण.

आणखी एक ता. क. हिने पत्र वाचलं. पोट धरून हसली आणि डाव्या हाताने माझी बोटं धरून मुरड शिकवायला बसली. पहिली वाकडी आली, दुसरी छान जमली. तिसरी मी मुद्दाम बिघडवली. तू ये, पण दुपारचं जेवण उरकून, सावकाश ये.