बीटलच्या गिअरबॉक्सबाबत माझी अंतिम इच्छा

मी, देविदास रतनसिंग राठोड, वय ४६, राहणार साखरा, ता. सेनगाव, जि. हिंगोली, कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवतो. बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांना शंका फक्त हृदयाची आहे. परवा नांदेडला शस्त्रक्रिया आहे.

१. घर, बँकेतील ठेव व माझ्या डायऱ्या पत्नी दिपाच्या. डायऱ्या वाचून तिला राग आला तर तो रास्त समजावा.

२. माझ्या वाट्याची शेती धाकटा भाऊ ओमप्रकाश याला. तो माझ्या जुन्या बीटल गाडीला ‘डबडं’ म्हणतो, तरीही. गाडी मात्र दिपाची; ती त्याने विकायला काढू नये.

३. या गाडीचे इंजिन हवेवर थंड होते. आम्ही त्याची ताकद वाढवून घेतली, तेव्हा मूळ गिअरबॉक्स टिकेना. चाँद पाशा मिस्त्रींनी भंगारातल्या एका व्हॅनचा बसवला. त्यातला क्राउन, म्हणजे चाकांना फिरवणारे मोठे दातेरी चक्र, उलट बाजूला फिरवून घ्यावा लागतो, नाहीतर चाके उलटी फिरतात, हे आम्हा दोघांच्याही ध्यानात राहिले नाही. गाडीला चार गिअर मागचे आणि एक पुढचा मिळाला. ओमप्रकाश म्हणाला, “दादा, गाडी तुझ्यासारखीच. पुढं जायचं म्हणलं की मागं सरकून राहिली.” बोलणे खरे असल्याने मनात ठेवलेले नाही. चाँद पाशांनी सगळे उतरवून, हसत हसत पुन्हा बराबर बसवले. माझी सर्व हत्यारे त्यांना. त्यांचे उपकार या कलमात मावणारे नाहीत.

४. दिपाचा डावा गुडघा दुखतो. तिला क्लच दाबावा लागू नये म्हणून ‘हा गिअरबॉक्स काढून ऑटोमॅटिक बसवावा’ असे मी येथे लिहिले होते. तिने मसुदा वाचला.

“गुडघा कोणाचा हाय?”

“तुझा.”

“मग मला काहून इचारलं न्हाई? गिअर माझ्या हातात पायजे. नुसतं बसून न्हाई जायचं मला.”

चाँद पाशा तिथेच होते. म्हणाले, “भाभी, पेडल हलकं करून देतो. सायबाच्या मनाला तकलीफ होईल थोडी, होऊ द्या.”

ते वाक्य खोडून तेथे सही केली आहे. चार गिअरचा हाच गिअरबॉक्स राहील. मी तिची काळजी घेत होतो की तिच्या वतीने ठरवत होतो, याचा निवाडा मला अजून करता आलेला नाही. तिने विचारले, याबद्दल तिचा ऋणी आहे.

५. पेडल आज हलके झाले. परवा नांदेडपर्यंत गाडी दिपा चालवणार आहे. मी शेजारी बसेन आणि क्लचबद्दल एक शब्द बोलणार नाही, हे या सहीने बांधून घेतो.

(सही) देविदास रतनसिंग राठोड

चाँद पाशांना हत्यारे मिळत असल्याने त्यांची साक्ष घेतलेली नाही. आमच्या समक्ष सही झाली:
माणिकराव घुगे, साखरा (सही)
प्रेमानंद खिल्लारे, शिरड शहापूर (सही)

साखरा, ९ जुलै २०२४