खालची लाइन बंद केली तेव्हा

माय, कंप्युटरवर आपली गल्ली लालची निळी झाली, त्या क्षणापासून माझं काहीच पहिल्यासारखं राहिलेलं नाही. लाल म्हणजे पाणी चढत नाही, निळं म्हणजे चढतं. गावाची सगळी पाइपलाइन, टाक्या, वॉल्व, चढउतार, घराघरातली माणसं असं सारं कंप्युटरमध्ये उभं करायचं, आणि खरा वॉल्व फिरवायच्या आधी तिथं फिरवून बघायचा, असलं काम मी सध्या करतो. कॉलेज अर्धवट सोडलेल्या पोराला एवढं मिळालं तेच लई झालं. आमच्या मॅडम पुण्याच्या आहेत, कधी चिडत नाहीत. ते खातं माझ्याकडं आहे.

तू गेलीस तेव्हा मी सातवीत होतो. नवरात्र. सोलापूरच्या गाड्या सकाळपासून रिकाम्या होतायत, आपल्या दारात पैसे देऊन गरम पाण्याच्या आंघोळीला देवीचे भाविक उभे आहेत आणि नळाला नुसती हवा. "बंब विझू देऊ नको रे, आलेच," म्हणून तू घागर घेऊन पायऱ्या उतरतेस, खालच्या लॉजच्या नळाकडं. एक म्हातारे बाबा पंचा गुंडाळून बसलेत. "काय रे, तुझी माय सोलापूरला गेली का पाण्याला?" मी हसतो. माणसं येता-जाता पाणी सांडून गेलेली, पायऱ्या ओल्या, भरली घागर घेऊन वर येताना तुझा पाय घसरला. तुला खरंच सोलापूरला नेलं, दवाखान्यात, आणि तिथनं तू परत आली नाहीस. त्या बाबाचं बोलणं मला अजून छळतं. बिचाऱ्यानं गंमत केली होती.

त्याच लॉजवाल्याची मुलगी माझ्या कॉलेजात होती. एका एसटीनं जायचो, यायचो. तिच्याविषयी तुझ्यासमोर बसून मला बोलता आलं असतं का, ठाऊक नाही. तिच्या वडलांना कळलं तसं त्यांनी मला काउंटरवर बोलावलं आणि गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "तुझी माय आमच्या नळाचं पाणी न्यायची. आता तू पोरगी न्यायला आलास व्हय?" मी काउंटरची काच फोडली. हाताला टाके पडले. तिचं कॉलेज बंद झालं, आणि ती नाही त्या एसटीत मला बसवेना, म्हणून माझंही सुटलं.

गेल्या आठवड्यात मॅडम म्हणाल्या, "वरच्या गल्लीला नवी टाकी सुचवायची का?" माझं डोकं आधीच तापलेलं. कंप्युटरवर तर कंप्युटरवर, कळू दे लॉजवाल्यांना कोरडा नळ कसा असतो, म्हणून मी लॉजांची लाइनच बंद करून टाकली. आणि आपली गल्ली निळी झाली. नवी टाकी नको, नवा पाइप नको. पहिला काही वेळ खालची लाइन बंद, पाणी आधी वर, मग खाली. लॉजांच्या टाक्या उशिरानं का होईना, भरतातच. मॅडमनी खुर्ची ओढली. "कसं सुचलं रे तुला?" सूड उगवताना सुचलं, असं कसं सांगणार?

मग त्या जेवायला गेल्यावर मी तुझ्या वेळची गल्ली बसवली. तेव्हाची थोडी घरं, थोडे नळ, नवरात्रातली गर्दी. पाइप तोच. खालची लाइन बंद केली. आत्तापेक्षा जास्त निळं. माय, त्या दिवशी नळ आला असता. घरातल्या घरात घागर भरली असती. मी पडद्याकडं बघत बसलो, डबा उघडला नाही. दोष कुणाला देऊ? वॉल्व उघडायचा क्रम ठरला तेव्हा वर नुसता माळ होता. आपण नंतर राहायला आलो, आणि क्रम बदलायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, तुझ्याही नाही. मला भांडायला माणूस पाहिजे होता. तो मिळाला नाही.

आज पाण्याच्या या नव्या क्रमावर बैठक आहे. लॉजवाले सगळे येणार, तिचे वडीलपण. मॅडम म्हणतात, "तू इथला आहेस, तूच समजावून सांग." आणि काल कितीतरी महिन्यांनी तिचा मेसेज आला, "तू बोलू नको. मॅडमला बोलू दे. अप्पा म्हणतील, सूड घेतोय. मग आपल्याविषयी घरात माझं तोंड कायमचं बंद." तिचं खरं आहे. मी बोललो तर ते दार मिटलं. पण बैठकीत बसलो की माझ्या डोळ्यासमोर पायऱ्या येणार, आणि मी बोलणारच, मला माझा स्वभाव माहीत आहे. आवाज तेवढा चढू नये.

तुझ्यासाठी बोलणार आहे, असं लिहून हे संपवणार होतो. पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू? हे लिहितानासुद्धा मी सारखा फोन बघतोय, तिचं आणखी काही आलंय का म्हणून. आलेलं नाही. कागद इथंच राहू दे, कुठं टाकायचा तरी? चप्पल घालतो. बाहेर पडतो, दार ओढून घेतो.