बोलायचं ते मला लिही

सापगाव,
१२ जुलै १९९८

श्री. साईनाथराव यांस,
रविंद्रचा स. न. वि. वि.

इकडे लावणी निम्मी उरकली. मागच्या आठवड्यात माधुरी माहेरी होती तेव्हा तिला ठाण्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं. तिचा आजार मनाचा, उदासीचा आहे, असं त्या म्हणाल्या. रोज एक गोळी. गुण यायला तीन-चार आठवडे लागतील, मधेच बंद करायची नाही. जोडीला दर पंधरवड्याला तिथल्याच एका मॅडमपाशी तासभर बोलायला बसायचं. गोळी आहे तर बोलणं कशाला, असं मी विचारलं. गोळीने झोप येईल, भूक लागेल, उठायचं बळ येईल. पण मनात जे अडकलंय ते गोळीने बाहेर येत नाही, असं त्यांनी सांगितलं.

माझी बहीण तुमच्या हवाली आहे. तुम्ही तिला दर खेपेला ठाण्याला न्याल अशी खात्री आहे. धाकट्या बहिणीचं, जनाचं, तुमच्याच घरातल्या चुलतभावाशी, धर्माशी, जमवायचं तेवढं मनावर घ्या. आईंना नमस्कार.

आपला,
रविंद्र

मुरबाड,
३० ऑगस्ट १९९८

रविंद्रदादांस,
साईनाथचा नमस्कार.

गोळीचा गुण दिसतो. माधुरी सकाळी उठते, भाकऱ्या थापते, दोन वेळा जेवते. डॉक्टरीणबाईंना मानलं. पण बोलण्याचं औषध आमच्या घराला सोसत नाय. दोनदा नेलं. मी बाहेर बाकड्यावर, ही आत तासभर. काय बोललीस विचारलं तर म्हणते, माझं बोलले.

दुसऱ्या खेपेला घरी आली ती थेट नम्रतावहिनीच्या दारात उभी राहिली आणि समीक्षा माझी आहे, माझी मला द्या म्हणाली. वहिनीला मूल नाय, म्हणून दीड वर्षापूर्वी पोर तिच्या ओटीत घातली. सगळ्यांच्या विचाराने घातली. आम्हाला काय, अजून होतील. गोळी गप्प करते, मॅडम बोलकं करते. आम्हाला गप्प बरी.

आई म्हणते, बोलायची एवढी हौस असेल तर हिला सापगावला कायमची पाठवू, मग भाऊ-बहीण बसा बोलत. जनाचं काय ते आई तुमचं वागणं बघून ठरवणार आहे.

घरोबा सांभाळावा.
साईनाथ

सापगाव,
६ सप्टेंबर १९९८

चि. सौ. माधुरीस,
अनेक आशीर्वाद.

गोळी सोडू नकोस. ठाण्याचं मात्र आता राहू दे. घरातलं परक्या बाईपुढे उघडं केलं की सासरच्यांना राग येणारच. तुझा भाऊ मेला आहे का? बोलायचं ते मला लिही. तासभर काय, चार पानं लिही. तुझ्या-माझ्यात राहील.

तुझा,
दादा

मुरबाड,
२० सप्टेंबर १९९८

ती. दादास,
माधुरीचा शि. सा. न.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मॅडम फार बोलायच्या नाय रे. विचारायच्या आणि थांबायच्या. आमच्यात माझं बोलणं पुरं होईपर्यंत कुणी थांबत नाय. गोळीनं झोप लागते, ती मी सोडणार नाय. पण जाग आल्यावर जे समोर असतं ते तिथंच असतं.

समीक्षा दोन महिन्यांची होती तेव्हा उचलून नेली. वहिनींच्या आणि आमच्या दाराच्या मधे नुसतं अंगण. ती रडली की माझा पदर दुधानं भिजायचा, आणि सासूबाई म्हणायच्या, भिंतीकडे तोंड कर, सुकेल आपोआप. आता ती मला काकी म्हणते.

विहिरीवर गेले की मी खाली बघत राहते. हे मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी माझा हात धरला. असं वाटलं की एकटं राहायचं नाय, लगेच आपल्या माणसाला सांगायचं, म्हणाल्या. म्हणून तुला सांगते.

आणि एक. दिवाळीला समीक्षाला काखेत घेऊन निघणार आहे. परत येणार नाय. तू शहापूरच्या एस्टी स्टँडवर थांब. हे फक्त तुला.

तुझी,
माधुरी

मुरबाड,
४ ऑक्टोबर १९९८

रविंद्रदादांस,
साईनाथचा नमस्कार.

माधुरीचं पत्र तुम्ही आमच्याकडे पाठवलंत, घरच्या माणसासारखे वागलात. आईला वाचता येत नाय, म्हणून धर्माने ओटीवर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. माधुरीला मुद्दाम समोर बसवली. बोलायची हौस आहे तर ऐकायचीही असावी. दुधाचं आलं तिथं आई हसली, मग सगळेच हसले. ती खांबाला टेकून शेवटपर्यंत ऐकत होती. रडली नाय. गोळी चांगली आहे.

समीक्षाला घेऊन वहिनी कसाऱ्याला माहेरी राहायला गेली. विहिरीवर आता माधुरीला एकटी सोडत नाय. नसतं पोलिसांचं लचांड कुणाला हवंय! दिवाळीला ती येणार नाय. जनाची सुपारी कार्तिकात फोडू. आई खूश आहे.

आता तर दुहेरी सोयरे झालो.
साईनाथ

मुरबाड,
१५ नोव्हेंबर १९९८

ती. दादास,
माधुरीचा शि. सा. न.

मी बरी आहे. गोळी वेळेवर घेते. झोप लागते. भात झोडून झाला, पेंढा रचला. डॉक्टरीणबाईंनी निरोप पाठवला होता की मॅडमकडे का येत नाय. यांनी कळवलं, आता तिला काय बोलायचं उरलं नाय. ते खरं आहे.

जनाची सुपारी फुटली, चांगलं झालं. याच घरात येईल. मी तिला सगळं काम दाखवीन. तिनं काही विचारलं तर काय सांगायचं, ते तू कळव, मी तेवढंच सांगेन.

हे पत्र पेटीत टाकायच्या आधी मी ओटीवर सगळ्यांना वाचून दाखवलं आहे, म्हणजे तुला परत धाडायचा त्रास नको.

तुझा लोभ आहे तेवढा पुरे. वाढवू नये.

माधुरी